डॉक्टरांना इंग्रजीत ‘धडधडतंय’ कसं सांगाल?

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ड्यूटीवरचे डॉक्टर अमराठी असले, की धडधडीलाही आपण ‘पेन’ म्हणून मोकळे होतो. नेमका शब्द सांगा:

१. दाढ, नखुरडं ठणकतंय: थ्रॉबिंग.
२. छातीत जोरात धडधडतंय: पाउंडिंग.
३. फडफडल्यासारखं होतंय: फ्लटरिंग.
४. मध्येच ठोका चुकतो: स्किप्ड बीट.

शब्दापेक्षाही उपयोगी पडतो तो ठेका. टेबलावर बोटाने वाजवूनच दाखवा. एकसारखा असेल तर ‘रेग्युलर’, अडखळत असेल तर ‘इर्रेग्युलर’. धडधड सुरू असतानाच मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा आणि आकडा लिहून ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचेच ठोके मोजले जातात.

सोबत छातीत दुखणं, धाप किंवा भोवळ असेल तर थेट १०८ ला फोन करा.