पार्टनर वेगळा झाला, आता फोटो कोणाचे?

दोघं मित्र लग्नाचे फोटो काढायला लागतात, एक कॅमेरा धरतो, दुसरा एडिटिंग आणि क्लायंट सांभाळतो, कागद एकही नाही, आणि 3 वर्षांत फाटतं. माझं अगदी असंच झालं, हार्ड डिस्क त्याच्याकडे आणि इन्स्टाचा पासवर्ड माझ्याकडे. तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर निदान बोलणं तरी राहिलं असतं, म्हणून लिहितोय.

कागद नव्हता म्हणजे भागीदारी नव्हती असं धरून चालू नका, 1932 च्या भागीदारी कायद्याला तोंडी ठरलेलंही चालतं. फर्म रजिस्टर नसेल तर पार्टनरवर कराराची केस टाकता येत नाही, पण फर्म मोडल्यावर हिशोब मागता येतो.

आता यादी करा. प्रत्येक कामासमोर लिहा, कोणासाठी केलं, पैसे कोणी दिले. सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. फोटो काढणारा तो त्याचा कर्ता हे खरं, पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 म्हणतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे ज्या अल्बमवरून तुम्ही दोघं भांडताय तो मुळात लग्नघरचा! पोर्टफोलिओत ठेवायचाय तर दोघांनीही त्यांची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.

हौसेने काढलेले, जत्रेचे, पावसातल्या सिंहगडाचे, ते ज्याने काढले त्याचे. लोगो बाहेरच्या डिझायनरने केला असेल आणि हक्क दिल्याची त्याची सही नसेल तर आधी त्याच्याशी बोला. वेबसाइटचा मजकूर दोघांनी मिळून लिहिलाय आणि कुठलं वाक्य कोणाचं ते वेगळं काढताच येत नाही, तर तो दोघांचा, एकट्याने परस्पर तिसऱ्याला वापरायला देऊ नका.

मग जे एकाने दुसऱ्याला द्यायचं ठरेल ते कागदावर आणा आणि देणाऱ्याची सही घ्या, तोंडी दिलेला कॉपीराइट चालत नाही. कुठलं काम, किती वर्षं, कुठल्या देशात, किती पैसे, हे सगळं लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो आणि जागा लिहिली नाही तर फक्त भारत. हक्क विकला तरी काढणाऱ्याला आपलं नाव लावून मागता येतं, तेही आधीच बोलून घ्या.

आणि हो, बोलणी सुरू करायच्या आधी डिस्कची एकेक कॉपी दोघांकडे ठेवा, रॉ फाइल्ससकट, म्हणजे कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्ससकट.