क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवताना प्राणी कसे शोधावेत

ताडोबात जिप्सीत बसलं की शोधायचं काम गाईडचं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याची गाडी घेऊन फिरताना ते तुमचं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, त्यामुळे गाडीची चिंता नको.

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ निवडा. दुर्बीण ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), शक्यतो माणशी एक. उद्यानातल्या मुक्कामाच्या कॅम्पमधल्या दुकानातून रस्त्यांचे क्रमांक असलेला नकाशा घ्या आणि फाटक उघडतं त्या मिनिटाला बाहेर पडा. रात्रभर ऊब धरलेल्या डांबरावर सिंह पसरलेले असतात, ते पहिल्या तासातच.

आता वेग. डांबरी रस्त्यावर ५०, मातीच्या रस्त्यावर ४० ही कमाल मर्यादा आहे, आणि लोक नेमके त्याच वेगाने जातात. ४० वर झुडपांची नुसती भिंत दिसते. २० ते २५ वर ठेवा. ‘जास्त रस्ते फिरा, जास्त दिसेल’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. क्रुगरमधल्या ‘सातारा’ नावाच्या कॅम्पजवळचा एस १०० किंवा साबी नदीकाठचा एच ४-१ असा एकच रस्ता धरून सकाळ काढा.

खरी अडचण नजरेची. प्राणी शोधू नका, विसंगती शोधा. झुडपाकडे नाही, झुडपाच्या आरपार बघा. रानात बहुतेक रेषा उभ्या असतात; जमिनीलगत आडवी रेषा दिसली तर ती बहुधा पाठ असते. हलणारा कान, सावलीतला जरा जास्तच गोल दगड, फांदीखाली लोंबणारी ‘वेल’. ही वेल टोकाशी वळलेली असेल तर थांबा, बिबट्याची शेपटी आहे. तो नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या जाड आडव्या फांद्यांवर पसरतो. चित्त्यासाठी मोकळ्या माळावरची वारुळं तपासा. दुपारी झाडाखालची सावली सोडून दुसरीकडे बघण्यात अर्थ नाही. काम वाटून घ्या: डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची, चालकाने फक्त रस्ता. सगळे एकाच बाजूला बघत बसले की दुसरीकडचा सिंह हमखास हुकतो.

इम्पाला (तिथे जागोजागी दिसणारी हरणं) दिसल्या की कंटाळून पुढे जाऊ नका. चरताहेत की ताठ उभ्या राहून सगळ्या एकाच दिशेला बघताहेत? जिराफ मान न हलवता कुठे टक लावून आहे? त्या रेषेत दुर्बीण फिरवा. इंजिन बंद करून काचा थोड्या खाली घ्या; इम्पालाचं धोक्याच्या इशाऱ्याचं फुरफुरणं, व्हर्वेट माकडांचा खेकसल्यासारखा आवाज धावत्या गाडीत ऐकूच येत नाही. आपल्याकडे चितळ-वानरांचा कॉल तसाच हा. आवाज आला की निदान पंधरा मिनिटं हलू नका. गिधाडांबाबत एक गैरसमज फार पसरलाय: आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं बहुतेक वेळा नुसती वर चढत असतात. एकाच झाडावर पाच-सहा बसून खाली बघत असतील, तर मात्र खाली मारलेल्या जनावरावर अजून कोणीतरी शिकारी प्राणी आहे.

कॅम्पमधल्या साइटिंग बोर्डावरचा (कुठे काय दिसलं ते दाखवणाऱ्या फलकावरचा) कालचा चालता सिंह विसरा. मारलेल्या मोठ्या जनावरावरचा असेल तर जा, रानरेडा संपायला दिवस लागतात.

हत्ती दिसला की निघायची वाट मोकळी ठेवून थांबा. नराच्या गंडस्थळातून मद वाहतोय आणि मागच्या पायांवर लघवी ठिबकतेय, तर फोटो न काढता मागे सरका. गाडीतून उतरू नका, खिडकीतून धड बाहेर काढू नका.

परतीचा हिशेब ताशी २५ नेच करा. फाटक वेळेवर बंद होतं, उशिराला दंड आहे, आणि हत्तींचा कळप आडवा आला हे कारण तिथे रोजच ऐकतात.