सेरोटोनिन रिसेप्टरची अँटीबॉडी वापरताय? या चुका टाळा

मायक्रोस्कोपखाली उंदराच्या कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाह्य थराचा) काप होता, अँटीबॉडीने, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते रंगाने दाखवणाऱ्या प्रथिनाने, रंगवलेला. पाचव्या थरातल्या पिरॅमिडल पेशी आणि त्यांच्यातून वर चढत गेलेले जाड डेंड्राइट (पेशीच्या फांद्या) हिरवेगार उजळले होते. ५-एचटी२ए हा सेरोटोनिनचा (५-एचटीचा) एक रिसेप्टर. तो जिथे असायला हवा, अगदी तिथेच. मी भराभर फोटो काढले. काही दिवसांनी नॉकआउट उंदराचा मेंदू हाती आला. या उंदरात तो रिसेप्टर तयारच होत नाही. तीच अँटीबॉडी, तेच डायल्यूशन, तेच एक्सपोजर. आणि त्या कापातही तेच डेंड्राइट तसेच उजळले.

तेव्हापासून रंग आला की मी आधी विचारते, हा रंग नक्की कशाला आलाय? खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

कुपीवरचं नाव वाचून अँटीबॉडी मागवणं

सेरोटोनिन रिसेप्टरांची ७ कुटुंबं आहेत. त्यातलं ५-एचटी३ हे आयन चॅनेल. बाकी सगळे जी-प्रोटीनशी जोडलेले, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाणारे. अशा प्रथिनाचा बराचसा भाग पटलात दडलेला असतो. अँटीबॉडीला पकडायला उरतात ती दोन टोकं आणि काही वळसे. त्यात ५-एचटी२ए आणि ५-एचटी२सी ही तर सख्खी भावंडं, पटलातले भाग खूपच सारखे. म्हणून डेटाशीटमध्ये पहिली ओळ शोधायची ती इम्युनोजेनची: कोणत्या प्राण्याचा, कोणत्या भागातला पेप्टाइड देऊन ही अँटीबॉडी बनवली? पेप्टाइड माणसाचा असेल आणि तुमचा काप उंदराचा, तर दोन्ही अनुक्रम शेजारी ठेवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. तो क्रम भावंडाच्या अनुक्रमातही सापडतो का, तेही तेव्हाच तपासून घ्या.

याच ओळीवरून ट्रायटनचंही (पटलाला भोकं पाडणाऱ्या डिटर्जंटचंही) ठरतं. एन-टोक पेशीच्या बाहेर असतं, सी-टोक आत. सी-टोकाची अँटीबॉडी घेतलीत आणि ट्रायटन एक्स-१०० वगळलंत, तर ती आत पोचणारच नाही. तरंगत्या जाड कापांना साधारण ०.३ टक्के ट्रायटन आणि ४ अंशांवर रात्रभर, कधी दोन रात्री, असा वेळ लागतो.

कंट्रोल म्हणून फक्त पेप्टाइड ब्लॉक करणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात महागात पडते. अँटीबॉडीत आधी तिचाच पेप्टाइड मिसळायचा, मग काप रंगवायचा. रंग गेला की अँटीबॉडी खरी, असं समजलं जातं. पण यातून सिद्ध एवढंच होतं की अँटीबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते. तिचे हात पेप्टाइडने भरले की ती दुसऱ्या कुठल्या प्रथिनालाही चिकटू शकत नाही. चुकीचा रंगही तितक्याच सफाईने नाहीसा होतो. वर सांगितलेल्या माझ्या अँटीबॉडीने ही परीक्षा दिमाखात पास केली होती.

खरी परीक्षा जिथे रिसेप्टर नाही तिथे. नॉकआउट ऊतक मिळत असेल तर त्याला तोड नाही. फक्त जनुकाचा कोणता तुकडा काढलाय ते विचारून घ्या. तुमच्या एपिटोपचा (अँटीबॉडी जिथे चिकटते त्या तुकड्याचा) भाग शाबूत राहिला असेल, तर अर्धवट प्रथिन रंगू शकतं. नॉकआउट आणि साधा काप एकाच दिवशी, एकाच वाटीतल्या द्रावणात रंगवा आणि कॅमेऱ्याची सेटिंग हलवू नका. ऑटो-एक्सपोजर चालू राहिलं तर रिकामा कापही उजळ दिसतो.

नॉकआउट नसेल तर दोन-तीन साक्षीदार एकत्र आणावे लागतात. एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत हवा तो रिसेप्टर घालून त्यांच्या शेजारी रिकाम्या पेशी आणि भावंड रिसेप्टर घातलेल्या पेशी ठेवा. मेंदूचा स्वतःचा नकाशाही मदतीला येतो: लहान मेंदूत ५-एचटी२ए इतका कमी असतो की पेट स्कॅनमध्ये तोच भाग तुलनेसाठी वापरतात. तुमचा लहान मेंदू कॉर्टेक्सइतकाच रंगला असेल तर थांबा. ५-एचटी१ए शोधत असाल तर हिप्पोकॅम्पस आणि डॉर्सल राफे रंगायलाच हवेत. ट्रिशियम लावलेल्या लिगँडच्या (रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूच्या) ऑटोरेडिओग्राफीशीही (किरणोत्साराने उमटणाऱ्या चित्राशीही) जुळवून पाहता येतं. मात्र ५-एचटी२ए साठी वापरला जाणारा लिगँड केटॅन्सेरिन अल्फा-१ अॅड्रिनर्जिक रिसेप्टरलाही चिकटतं, हे लक्षात ठेवून. इन सिटूमध्ये (कापावरच एमआरएनए शोधण्याच्या पद्धतीत) एमआरएनए मुख्यतः पेशीच्या अंगात दिसतो आणि प्रथिन लांब डेंड्राइटमध्ये गेलेलं असतं, त्यामुळे तिथे थोडी तफावत दिसली म्हणून घाबरू नका.

ब्लॉटचं सॅम्पल उकळणं

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमधून आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधतात. सवयीने सॅम्पल ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवलं जातं. सात वेळा पटलातून जाणारी प्रथिनं त्या उष्णतेत एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि जेलमध्ये उतरतच नाहीत. ब्लॉटवर पाहाल तर लेनच्या अगदी वर, विहिरीच्या तोंडाशी काळपट डाग बसलेला असतो आणि खाली हव्या त्या जागी काहीच नाही. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा. तेच सॅम्पल तीन तापमानांना शेजारी चालवलं की एका जेलमध्ये निकाल लागतो.

दुसरा घोळ बँडच्या जागेचा. माणसाच्या ५-एचटी२ए मध्ये ४७१ अमिनो आम्लं, म्हणजे हिशेबाने सुमारे ५३ किलोडाल्टन. पण या रिसेप्टरवर साखरेच्या साखळ्या लागतात, म्हणून खरा बँड वर आणि पसरट दिसू शकतो. पीएनजीएज एफ हे साखळ्या कापणारं एन्झाइम दिल्यावर तो खाली सरकला, तर आपण योग्य वाटेवर आहोत याची ती एक खूण. उलट बरोबर ५० च्या आसपास रेखीव, ठसठशीत बँड आला की मला आधी शंका येते. उंदराच्या ऊतकावर उंदराचीच मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून बनलेली अँटीबॉडी) वापरली असेल, तर सेकंडरी अँटीबॉडी (पहिलीला धरून रंग देणारी) मेंदूत राहिलेल्या रक्तातल्या आयजीजीला (उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीला) धरते, आणि आयजीजीची जड साखळी नेमकी ५० किलोडाल्टनची! फक्त सेकंडरी लावलेली एक पट्टी ही फसगत लगेच उघडी पाडते. कापांवरही हाच त्रास होतो. तिथे फॅब तुकड्यांनी (अँटीबॉडीच्या सुट्या केलेल्या हातांनी) आधी ब्लॉक करा, किंवा सरळ सशात बनवलेली अँटीबॉडी घ्या.

ऊतकाची घाई आणि ऊतकाचा विसर

परफ्यूजन (मेंदूतलं रक्त धुऊन काढणं) अर्धवट झालं की रक्तवाहिन्यांत तांबड्या पेशी राहतात. डीएबी (पेरॉक्सिडेजमुळे तपकिरी होणारं रसायन) वापरलं तर त्यांच्या पेरॉक्सिडेजमुळे वाहिन्या तपकिरी उठतात, ०.३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने आधी ते शमवा. उलट मेंदू ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये आठवडाभर विसरला गेला, तर एपिटोप जाळ्यात अडकतो. सायट्रेट बफरमध्ये ८० अंशांवर अर्धा तास ठेवल्याने तो पुष्कळदा मोकळा होतो. त्याहून जास्त तापवलं तर तरंगते काप चुरगळतात.

माणसाच्या मेंदूत, विशेषतः वयस्कर माणसाच्या, लिपोफ्युसिनचे (वयाबरोबर साठणाऱ्या रंगद्रव्याचे) कण केंद्रकाजवळ दाटलेले असतात आणि हिरव्या-लाल दोन्ही चॅनेलमध्ये चमकतात. त्यांना रिसेप्टरचे ठिपके समजणं फार सोपं आहे. काहीच न लावलेला एक काप प्रत्येक वेळी पाहा. सुदान ब्लॅक बी या रंगाने ही चमक दबते, थोडा खरा सिग्नलही जातो.

एचआरपी (रंग उमटवणारं पेरॉक्सिडेज एन्झाइम) असलेल्या द्रावणात सोडियम अझाइड (जंतू रोखणारं रसायन) नको. एन्झाइम बंद पडतं आणि दोष अँटीबॉडीला जातो. कुपी आल्या दिवशीच लहान भागांत वाटून ठेवा, पुन्हा पुन्हा गोठवू नका.

नवी कुपी म्हणजे जुनीच, असं धरणं

पॉलिक्लोनल अँटीबॉडीचा (प्राण्याच्या रक्तातून घेतलेल्या अनेक अँटीबॉडींच्या मिश्रणाचा) नवा लॉट बहुधा वेगळ्या सशाच्या रक्तातून आलेला असतो. कॅटलॉग क्रमांक तोच, अँटीबॉडी मात्र दुसरीच. वहीत लॉट क्रमांक लिहा. जुनी कुपी संपायच्या आत नवी मागवा आणि एकाच मेंदूचे लागोपाठचे काप दोन्हींनी रंगवा, नॉकआउटचा एक काप धरून. त्या कामासाठी नॉकआउट मेंदूचे थोडे काप मी क्रायोप्रोटेक्टंटमध्ये (गोठण्याच्या इजेपासून वाचवणाऱ्या द्रावणात) -२० अंशांना कायम राखून ठेवते.