ख्रिस्ताचं उतरणं आणि उंचावणं: सात वचनं घरसंगतीत कशी शिकवावीत

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी बारा-पंधरा माणसं प्रार्थनेला जमतात. येशू देव असून नम्र कसा झाला आणि स्वर्गात कसा गौरवला गेला हे शिकवायचं असलं, की मी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, दुसरा अध्याय घेते, वचनं ५ ते ११. तासाभरात नीट होतो, पण सुरुवात त्या वचनांनी करू नका.

आधी चौथ्या अध्यायाचं दुसरं वचन कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. युवदीया आणि सुंतुखे या दोघींना पौल एकचित्त व्हायची विनंती करतो आहे. तो स्वतः तुरुंगात आहे, आणि मंडळीतल्या दोन कामसू बायकांचं पटत नाही याची त्याला काळजी लागली आहे. ख्रिस्ताचं देवत्व त्याने अशा माणसांना सांगितलं. हे कळलं की ऐकणारे पुढे सरकून बसतात.

मग गावाची ओळख करून द्या. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. इ.स.पू. ४२ मधल्या लढाईनंतर तिथे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलं गेलं. रोमी नागरिकत्वाचा तिथे मोठा अभिमान होता, आणि वधस्तंभाची शिक्षा सहसा गुलामांना नि बंडखोरांना, नागरिकाला नाही. आपल्या गळ्यात सोन्याचा क्रूस असतो, म्हणून ‘वधस्तंभावरचे मरण’ आपण सहज वाचून जातो. त्या गावात ते शब्द ऐकून लोकांनी मान खाली घातली असेल. इथे घाई करू नका.

‘दास’ या शब्दाशीही थांबा. मराठी कानाला तो गोड लागतो. रामदास, हरिदास ही तर आदराची नावं. मूळ ग्रीक शब्द ‘दूलोस’, म्हणजे मालकाच्या मालकीचा गुलाम. मी सरळ ‘गुलाम’ म्हणते, आणि मग वचन पुन्हा वाचायला लावते.

आता पेन्सिली वाटा, एक निळी, एक तांबडी. सहा ते आठ वचनांत ख्रिस्ताने स्वतः जे केलं ते निळ्याने अधोरेखित करायचं: लाभ मानला नाही, रिक्त केले, दासाचे स्वरूप धारण केले, लीन केले. नवव्या वचनापासून तांबडी घ्या. तिथे करणारा बदलतो. देवाने त्याला अत्युच्च केले, देवाने त्याला नाव दिले. फळ्यावर मी बारवेच्या पायऱ्या काढते. उतरताना प्रत्येक पायरीवर तो स्वतःच्या पायांनी उतरला. वर त्याला पित्याने घेतलं.

सगळ्यात अवघड आहे ते ‘रिक्त केले’. पूर्वी मी वेष पालटून नगरात फिरणाऱ्या राजाचा दाखला द्यायचे. एकदा एका म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, “मग त्याचं रडणं, तहान लागणं, ते सोंगच होतं का?” त्या दिवसापासून तो दाखला मी सोडला. राजा वेष उतरवतो आणि होता तसा होतो. येशू खरोखर माणूस झाला. देवत्व टाकून आला असंही नाही. पौल लगेच सांगतो की रिक्त करणं म्हणजे दासाचं स्वरूप घेणं. इ.स. ४५१ मध्ये खल्किदोनला भरलेल्या ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांच्या परिषदेने हेच ठरवलं: एकच ख्रिस्त, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. दाखला हवाच असेल तर योहानाचा तेरावा अध्याय वाचा. आपण देवापासून आलो हे पक्कं ठाऊक असताना तो भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो.

आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न: हे अवतारासारखंच का? वाद घालत बसू नका. आपला विश्वास काय तेवढं सांगा. आपण ‘देहधारण’ म्हणतो. ते एकदाच झालं, आणि घेतलेला देह त्याने नंतर टाकून दिला नाही. पुनरुत्थानानंतर हातांवरच्या खुणा शिष्यांना दिसल्या, आणि तसाच तो वर घेतला गेला. देवाच्या उजवीकडे आज एक माणूस बसला आहे, ज्याला भूक आणि मारहाण ठाऊक आहे. मला स्वतःला या अध्यायात याहून मोठा दिलासा सापडलेला नाही. आजारी माणूस बसलेला असेल तर इथे इब्री लोकांस पत्र ४:१५ वाचाच.

दहाव्या-अकराव्या वचनांसाठी जुन्या करारातलं यशया ४५:२३ शेजारी ठेवा. तिथे परमेश्वर स्वतःची शपथ वाहून म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. एकच देव मानणाऱ्या यहूदी पौलाने तेच शब्द येशूला लावले, आणि गौरव मात्र पित्याचा म्हटला. येशूच्या देवत्वाचा पुरावा मागणाऱ्याला मी ही दोन पानं दाखवते.

शेवटची दहा मिनिटं बोलू नका. ज्यांना जमेल त्यांनी गुडघे टेकावेत, सांधे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आधीच मांडून ठेवा. सातही वचनं एकाने सावकाश वाचावीत. मग चौथ्या अध्यायाचं ते दुसरं वचन पुन्हा वाचा, पण युवदीया आणि सुंतुखे यांची नावं गाळून, तिथे थोडं थांबून.