पती-पत्नीने माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा कशी उभारावी

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली स्त्री आणि कृषी सेवा केंद्रांत ऊठबस असलेला तिचा पती तालुक्याच्या गावी माती-पाणी परीक्षणाची प्रयोगशाळा काढायचे ठरवतात, तेव्हा पहिली चर्चा बहुधा यंत्रांच्या किमतींवर होते. ती थोडी पुढे ढकलावी. नमुने आणणार कोण आणि अहवालावर सही करणार कोण, हे आधी ठरवावे आणि ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे ठेवू नयेत. सही पत्नीची असेल, तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), बँकेचे खाते आणि दरपत्रक ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडेच असावा. एकल मालकीत पतीला पगार द्यायचा असल्यास सनदी लेखापालाला आधीच विचारावे, कारण पतीकडे त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तो पगार प्राप्तिकरासाठी पत्नीच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

सुरुवात सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) एवढ्यावर करावी. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी लागणारे महागडे यंत्र नंतर घेता येते. पद्धत मात्र आपल्या भागातील जमीन पाहून निवडावी. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद ऑल्सेन पद्धतीने काढतात, तर कोकणातील आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत योग्य ठरते. सेंद्रिय कर्बाच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागते, म्हणून फ्यूम हूडवर (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटावर) काटकसर करू नये आणि क्रोमियमयुक्त सांडपाणी गटारात न सोडता वेगळे साठवून धोकादायक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी.

नमुना कसा घ्यायचा हे शेतकऱ्याला बांधावर दाखवून देणे, हे पतीचे खरे काम आहे. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा सुमारे 20 सें.मी. खोल घेऊन त्याच्या कडेची माती काढावी, अनेक ठिकाणची माती एकत्र करून चार भागांपैकी समोरासमोरचे दोन भाग टाकत अर्धा किलो उरवावी आणि ती खताच्या रिकाम्या गोणीत कधीही भरू नये. युरियाच्या पिशवीतून आलेली माती नत्राने समृद्ध निघाल्याची उदाहरणे या धंद्यात सर्वांनाच ठाऊक आहेत.

नमुना दारात आला की नाव-गाव पतीच्या नोंदवहीत जावे आणि पिशवीवर केवळ क्रमांक राहावा. ओळखीचा बाटलीबंद पाणीवाला “वहिनी, तेवढा टीडीएस 500च्या आत बसवा की” असे म्हणणारच, कारण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅम हीच त्यांची स्वीकार्य मर्यादा आहे. त्या वेळी “तिला नावच माहीत नसते” हे पतीचे उत्तर खरे असले पाहिजे. पुढे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेसाठी आयएसओ 17025 या प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार निःपक्षपातीपणा दाखवावा लागतो, तेव्हा याच नोंदवह्या कामी येतात.

दर महिन्याला पतीने आधी तपासून झालेली मातीच नवा क्रमांक घालून पत्नीच्या टेबलावर गुपचूप ठेवावी. दोन आकड्यांत लक्षणीय फरक पडला, तर त्या दिवशीचे अहवाल रोखून प्रथम बफर द्रावणे (सामूमापक जुळवण्याची ठरावीक सामूची द्रावणे), मग डिस्टिल्ड वॉटर आणि त्यानंतर वजनकाटा तपासावा.