पर्यावरण-संवाद सल्लागार व्हायचंय? जनसुनावणीआधीच्या टिपणापासून सुरुवात करा

पोस्टर आणि घोषवाक्यं नंतर करा. आधी जनसुनावणी जाहीर झालेला एक प्रकल्प निवडा आणि त्याच्या ईआयए अहवालावरून (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास) बाधित गावाला वाचता येईल असं दोन पानी मराठी टिपण तयार करा. काम मागायला जाताना दाखवायला याहून भक्कम नमुना नाही.

2006 च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. महाराष्ट्रात तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतो. मात्र त्यावर विसंबू नका, तो बऱ्याचदा इंग्रजीचा शब्दशः अनुवाद असतो. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला ठेवलेला असतो. तिथे जाऊन आधी तीनच गोष्टी शोधा: पाणी कुठून आणि किती घेणार, सांडपाणी नि राख कुठे जाणार, आणि बेसलाइन मोजमापाच्या, म्हणजे प्रकल्पाआधीची हवा-पाण्याची स्थिती मोजल्याच्या तारखा. मोजमाप फक्त हिवाळ्यातलं असेल, तर उन्हाळ्यात वारा फिरल्यावर धूळ कोणत्या वाडीवर जाईल हे त्यातून कळत नाही. टिपणात तसं स्पष्ट लिहा.

आकडे गावाच्या मापात आणा. ‘500 केएलडी’ (किलोलिटर प्रतिदिन) म्हणजे रोज पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 50 टँकर. भूजल 8 मीटरवर असेल तर ‘सुमारे 26 फुटांवर’ लिहा, विहिरीची खोली लोक फुटांतच सांगतात.

सगळ्यात जास्त घोळ प्रदूषणाच्या मर्यादांशी तुलना करताना होतो. पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांची, 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वार्षिक सरासरीची 40. एका दिवसाच्या 48 या आकड्यापुढे तुम्ही 40 ठेवून ‘मर्यादा ओलांडली’ असं लिहिलंत, तर सुनावणीत कंपनीचा तज्ज्ञ ते एका वाक्यात खोडतो आणि गावाचे बाकीचे खरे मुद्देही त्याबरोबर वाहून जातात. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी अहवालाचा पान क्रमांक द्या.

मग टिपण पाच-सहा जणांकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यात दोन तरी बायका हव्यात, कारण पाणी भरणं बहुधा त्यांच्याकडे असतं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा ‘आता हे शेजाऱ्याला सांगा’ म्हणा. वाचताना किंवा सांगताना जिथे ते अडतात, ते वाक्य पुन्हा लिहा. ‘उत्सर्जन’वर हमखास अडतं. तिथे ‘चिमणीतून बाहेर पडणारे वायू आणि धूळ’ चालतं.

पैसे घेऊन काम करताना करारात दोन ओळी हव्यातच: लेखी पुराव्याशिवाय आकडे आणि निष्कर्ष बदलणार नाही, आणि खर्च कोणी केला ते टिपणावर छापलं जाईल. एकाच प्रकल्पात कंपनी आणि गाव दोघांचंही काम घेऊ नका.

संशोधनाचा भाग सुनावणीनंतर सुरू होतो. इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावलं जातं. त्यातला प्रत्येक प्रश्न तक्त्यात उतरवा, समोर अंतिम अहवालातलं उत्तर लिहा. रिकाम्या राहिलेल्या रकान्यांवर पुढचं टिपण लिहा.