गरम झाला की बंद पडणारा ब्लोअर: पाना हातात घेण्याआधी

गार असताना दुसऱ्या ओढीत सुरू होतो, पंधरा मिनिटं पाचोळा उडवतो, मग घुसमटून बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखा चालतो. मागच्या वेळी याच दुखण्यापायी मी नवा प्लग घातला, कार्ब्युरेटर दोनदा खोलला, त्याचा एक स्क्रू गवतात हरवला. दोष निघाला टाकीच्या झाकणात. तेव्हा या यादीत झाकण पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

मशीन सुरू करण्याआधी सगळं सामान शेजारी मांडा: हातमोजे, प्लगपाना, स्पार्क टेस्टर (प्लगला ठिणगी पोचते का ते दाखवणारा), जाड फडकं. दोष गरमपणीच दिसतो. पाना शोधायला घरात गेलात की इंजिन गार झालं, पुरावा गेला. पेट्रोल ताजं घ्या. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलि टू-स्ट्रोक ऑइल, ४०:१ असेल तर २५. अंदाजपंचे ओतू नका. एअर फिल्टर, कूलिंग फिन्समधला (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमधला) कचरा वगैरे बघालच.

आता झाकण. पेट्रोल खर्च होतं तेवढी हवा टाकीत शिरायला हवी. ती शिरते झाकणातल्या एका बारीकशा व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, आणि तो धूळ-तेलाने बुजतो. मग टाकीत ओढ तयार होते, कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही. थांबलं की हवा हळूहळू झिरपते आणि मशीन चालू. म्हणजे वाटतो उष्णतेचा दोष, असतो वेळेचा. मी फसलो तो इथेच. टाकी काठोकाठ असताना लवकर बंद पडत असेल तर संशय आणखी पक्का.

म्हणून बंद पडताक्षणी आधी झाकण. प्लग नाही, झाकण! मात्र गरम टाकीत कधी उलट दाबही असतो आणि पेट्रोल अंगावर उडतं. शेजारी तापलेला मफलर, म्हणजे सायलेन्सर, आहे. फडकं टाकून अगदी थोडं फिरवा, कान द्या. हवा आत ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि झाकण पुन्हा लावल्यावर मशीन लगेच सुरू झालं, तर चोर सापडला. व्हेंट साफ करा किंवा झाकण बदला. काही मशीनवर व्हेंट झाकणात नसून टाकीवर वेगळा असतो, तोही बघा. झाकण सैल ठेवून काम उरकायचा मोह होईल. नको, पेट्रोल सांडेल आणि पेटेल.

आवाज आला नाही तरच पुढे. झाकण घट्ट लावा, सांडलेलं पुसा, मशीन टाकीपासून दूर न्या म्हणणार होतो, पण टाकी मशीनलाच आहे; म्हणून तर झाकण घट्ट. मग टेस्टर लावून दोरी ओढा. गरमपणी ठिणगी नाही आणि गार झाल्यावर येते, तर ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल गेली. नवी बसवताना फ्लायव्हीलपासूनचं (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकापासूनचं) अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवा, बहुधा ०.३ मिमीच्या आसपास असतं.

ठिणगी ठीक असेल तर मफलरची काजळलेली जाळी, टाकीतला फिल्टर, पेट्रोलच्या चिरलेल्या नळ्या, कार्ब्युरेटरमधला कडक झालेला डायफ्राम (लवचीक पडदा) बघा. याच क्रमाने. एवढं करूनही गरमपणी दोरी हलकी लागत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. मफलर काढून पिस्टन बघा; ओरखडे दिसले तर पुढचं काम मेकॅनिकचं.